कॅशे पुसून मॅप पळत नाही

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'मॅप अडकतो? रोज कॅशे साफ करा. सॅटेलाइट व्ह्यू लावा, लाइव्ह दिसतं. जीपीएस बंद ठेवा, ते डेटा खातं. तरीही अडकला तर सर्व्हर अमेरिकेत आहे, इलाज नाही.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ला उलटा आहे.

आधी कॅशे. मॅप फोनवर तुकड्यातुकड्यांनी येतो. त्यांना टाइल म्हणतात. शून्य झूमला सगळं जग एका टाइलमध्ये मावतं, पुढच्या प्रत्येक झूमला टाइल चौपट होतात. गल्लीबोळ दिसतात त्या अठराव्या झूमला जगभराच्या मिळून सुमारे ६,८७२ कोटी. त्यातल्या तुमच्या वाटेवरच्या मोजक्या टाइल फोन एकदा आणतो आणि जपून ठेवतो. हा साठा म्हणजेच कॅशे. बर्डीहून इतवारीला रोज जाणाऱ्याने तो पुसला, की कालच उतरवलेल्या गल्ल्या आज पुन्हा नेटवरून मागवायच्या! ॲप बिघडलं असेल तर पुसा जरूर, वेगासाठी नको.

सॅटेलाइट व्ह्यू लाइव्ह नसतो, ते आधी काढून ठेवलेले फोटो असतात. शिवाय जड. साध्या मॅपमध्ये रस्ता म्हणजे नुसती बिंदूंची यादी येते, रेघा फोनच ओढतो. गुगलने अँड्रॉइडवर ही व्हेक्टर पद्धत डिसेंबर २०१० मध्ये आणली. मॅप फिरवला तरी रस्त्यांची नावं सरळ राहतात ती त्यामुळेच. फोटोत ही सोय कुठली?

जीपीएस डेटा खात नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश फोन फक्त ऐकतो. पटकन जागा सापडावी म्हणून उपग्रहांची थोडी माहिती तो नेटवरून घेतो, पण ती किरकोळ. बंद केलंत तर निळा ठिपका भरकटेल, एवढंच.

राहिला अमेरिकेतला सर्व्हर. एक टाइल सगळ्यांना सारखीच लागते, म्हणून मोठ्या कंपन्या तिच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवर ठेवतात. दर वेळी समुद्रापार जावं लागत नाही. आणि इलाज आहे: घरच्या वायफायवर नागपूरचा ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा. गाडीचा रस्ता तो नेटशिवायही दाखवतो. वर्धा रोडवरची कोंडी मात्र त्यात दिसणार नाही. तेवढ्यासाठी डेटा सुरू ठेवावा लागेल.