चौथा भिडू

मेंढीकोटाला तिघे जमले आणि चौथा सापडत नसला, की आमच्या सोलापुरात गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवतात. कॅनडाच्या सॅस्काचेवान प्रांतातल्या या गावात आल्यापासून तो गल्लीतून जाणारा माणूस मी आहे.

गाव आठशे वस्तीचं. दक्षिणेला नजर पोचेल तिथवर कनोला आणि गव्हाची शेतं. उत्तरेला प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान, 1927 पासून राखलेलं जंगल. त्यात लांडगे, एल्क नावाची मोठी हरणं, शिवाय गव्यासारखे मोकाट बायसन. आपल्याकडे रानडुकरं उतरतात तसे हे बायसन अधूनमधून शेतात उतरतात, फक्त यांना हाकलायला डबा वाजवून भागत नाही. उन्हाळ्यात शहरातली माणसं पैसे मोजून वास्केसू तळ्यावर येतात. आम्ही बारा महिने जंगलाला खेटून राहतो, त्यामुळे तिकडे फिरकत नाही. हिवाळ्यात अख्खा गाव कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, रिंकमध्ये असतो.

मी इथल्या एकुलत्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे गावातला कुठला गुडघा कुणाचा हे मला तोंडपाठ. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शेजारच्या आजी गोळ्या न्यायला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले.

"शुक्रवारी सहा वाजता बॉन्स्पील आहे. आमचा चौथा गडी ॲरिझोनाला पळालाय." बॉन्स्पील म्हणजे कर्लिंगचे एकापाठोपाठचे सामने.

"मला कर्लिंग येत नाही."

"कुणालाच येत नाही."

हे धादांत खोटं होतं. कर्लिंग हा सॅस्काचेवानचा अधिकृत खेळ आहे. 1998 साली नागानोला महिला कर्लिंगचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं ते याच प्रांतातल्या सँड्रा श्मर्लरच्या संघानं. आजी तिचं नाव काढतात तेव्हा आवाज खाली येतो, कोल्हापुरात जुन्या पैलवानाचं नाव काढताना येतो तसा.

शुक्रवारी उणे 38 होतं. अशा थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला ब्लॉक हीटर असतो. गाडीच्या नाकातून वायर लोंबत असते, ती भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचून ठेवायची. पहिल्या हिवाळ्यात मी ती न काढताच गाडी काढली आणि तुटलेली वायर मिरवत दुकानापर्यंत गेलो. तेव्हापासून गाव मला 'जेवलास का'च्या चालीवर 'वायर काढलीस का' विचारतं.

"अहो, पडू नका," एवढं सांगून बायको रिंकच्या स्वयंपाकघरात शिरली. तिला तिथल्या बायकांनी आधीच पकडलं होतं. युक्रेनियन पेरोगी म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या. त्यावर ती आईनं पाठवलेली शेंगाचटणी भुरभुरणार होती.

बर्फाकडे पाहिलं आणि मला एकदम घरचं वाटलं. बर्फाखाली लाल-निळी वर्तुळं, म्हणजे रांगोळी. एक गृहस्थ पाठीवर टाकी बांधून उलटे चालत पाण्याचे थेंब शिंपडत होते, म्हणजे सडा. आणि प्रत्येकाच्या हातात झाडू. सगळं आपलंच, फक्त क्रम उलटा. दगड म्हणाल तर जात्याची वरची तळी, खुंटा तेवढा वाकवलेला. वजन जवळपास वीस किलो. तो बर्फावरून सरकवत पलीकडच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा.

एका बुटाच्या तळाला गुळगुळीत टेफ्लॉन, दुसऱ्याला रबर. म्हणजे एक पाय पुढे जायला उत्सुक आणि दुसरा जागचा हलणार नाही, अशा संसारात मी दगड हाती घेतला. जोर लावला. दगड राहिला तिथेच, मी गेलो. बऱ्यापैकी लांब गेलो. पोटावर.

"वजन चांगलं होतं," आजी म्हणाल्या.

आजी स्वतः उभ्यानंच एका लांब काठीनं दगड ढकलतात आणि तो जावयासारखा अदबीनं मधोमध जाऊन बसतो.

मग मला झाडायला लावलं. दगडापुढचा बर्फ जोरात घासला की किंचित वितळतो आणि दगड लांब, सरळ जातो. पलीकडच्या टोकाला कप्तान आजी उभ्या. दगड निघाला आणि त्यांनी आरोळी ठोकली, "हरीऽऽ! हरीऽऽ!"

मी पंढरपूरच्या जिल्ह्यातला माणूस. पाय आपोआप ठेका धरायला लागले. 'लवकर' या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे हे कळेपर्यंत मी इतक्या भक्तिभावानं झाडलं, की दगड वर्तुळ ओलांडून मागच्या फळीवर आपटला. पुढच्या खेपेला माझा झाडू दगडाला लागला. कुणी पाहिलं नव्हतं. पण हे आपलं आपण कबूल करायचं, अशी इथली रीत. मी हात वर केला. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या मला मिळालेल्या एवढ्याच.

आम्ही 11-2 हरलो. रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी आम्हाला बिअर पाजली. मी मनात म्हटलं, सुटलो. पण बॉन्स्पीलमध्ये हरणाऱ्याला घरी पाठवत नाहीत. खालच्या गटात टाकतात. शनिवारी तिथेही हरलो, मग तिसऱ्या गटात. रविवारी सकाळी आठ वाजता. जिंकणारे तेव्हा निवांत झोपलेले.

तिथेही हरल्यावर मात्र मी कोट चढवला. अजून एक सामना उरला होता आणि त्या संघातला एक जण कंबर धरून बसला होता; थांबण्यात धोका होता. बायकोला डोळ्यांनी खुणावलं. ती आलीच नाही; तिच्याभोवती शेंगाचटणीची कृती उतरवून घेणाऱ्या पाचजणी होत्या.

मी एकट्यानंच मागचं दार हळूच उघडलं. माझ्या गाडीला चिकटून एक मूस, म्हणजे हरणाच्या कुळातलं थोराड जनावर, उभा होता. घोड्याहून उंच, लांबुडकं तोंड, नाकपुड्यांतून वाफा. गाडीची वायर त्याच्या चार पायांमधून भिंतीपर्यंत गेलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कान मागे पाडले.

मागून आजींनी हात घालून दार लावून घेतलं.

"तासाभरानं जाईल," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात झाडू दिला.