अडकलेलं अंडं आत फोडायचं? अहो नका!

सकाळपासून तोच फॉरवर्ड तीनदा आलाय. म्हणे कोंबडीचं अंडं अडकलं तर तेलाचं बोट आत घालून अंडं फोडा, पाच मिनिटांत कोंबडी मोकळी. वर दोन टिप्स फुकट: कवच मऊ म्हणजे कॅल्शियम कमीच, आणि अंडी बंद झाली की लाल मिरचीपूड चारा.

आधी ते फोडण्याचं बघू. फुटलेल्या कवचाच्या कडा चांगल्याच धारदार असतात, त्याने आतली नळी चिरते, बलक आतच राहतो आणि मग इन्फेक्शन, त्यातून कोंबडी वाचणं अवघड. ओढायला गेलात तर नळीच बाहेर येते, आणि बाकीच्या कोंबड्यांना लाल काही दिसलं की त्या टोचून टोचून जीव घेतात.

माझ्या एका तलंगेचं (म्हणजे नुकतीच वयात आलेली कोंबडी) असंच झालेलं. शेपटी खाली, पंख ढिले, पेंग्विनसारखी ताठ उभी आणि सारखी जोर लावतेय. टबात कोमट पाणी घेतलं, पोट बुडेल इतकंच, आणि तिला बसवली, पहिली पाच मिनिटं नुसती फडफड, सगळं पाणी माझ्या अंगावर, मग बाई चक्क डोळे मिटून पेंगायला लागली! अर्ध्या तासाने कोरडी केली, उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवली, दोन तासांनी अंडं बाहेर. तेल लावायचंच तर बाहेरून लावा. दरवेळी इतकं सोपं नसतं, म्हणून काही तासांत अंडं आलं नाही तर सरळ पशुवैद्याकडे न्या, कारण एक-दोन दिवसांत कोंबडी दगावू शकते.

कॅल्शियमचं अर्धं खरं आहे. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागतं, आणि नुसत्या मक्यावर ठेवलेल्या कोंबडीला ते मिळणार कुठून? लेयर फीडमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते ३.५ ते ४ टक्के असतं. पण उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचं, म्हातारीचं, नुकतीच अंड्यावर आलेल्या तलंगेचं कवचही पातळ येतं, काही आजारांतही येतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. पिल्लांच्या खाद्यात मात्र मिसळू नका, किडनी खराब होते.

आणि मिरची! पक्ष्यांना ती तिखट लागतच नाही, मजेत खातील, पण त्याने अंडं येत नाही. दिवस लहान झाला (१४ ते १६ तास उजेड लागतो), पिसं झडायला लागली, कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली, अंगात उवा झाल्या, की अंडी थांबतात. पिसं झडतात तेव्हा दोन-तीन महिने सुट्टीच समजा. आणि हो, आधी अडगळीत बघा, माझ्या एका ‘बंद पडलेल्या’ कोंबडीची अकरा अंडी जुन्या पोत्यांमागे सापडली होती.