विमा नाही आणि आठ दिवसांत नवी गाडीही नाही: एसटीबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

जत तालुक्यातल्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या माझ्या भाचीने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं असेल तर आमची सकाळची गाडी अजून बंद का?" हा मेसेज सध्या सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की एसटी जळाली, अपघातात गेली किंवा पुरात बुडाली तरी महामंडळाचं काही जात नाही, कारण प्रत्येक गाडीचा पूर्ण विमा असतो. विमा कंपनी आठ दिवसांत नवी कोरी गाडी देते. ती नवी गाडी मोठ्या शहराला जाते आणि आपल्या गळ्यात मराठवाड्यातली वापरलेली, एमएच २० नंबरची गाडी मारतात. आणि पुरात बुडालेल्या गाड्या नुसत्या धुऊन, रंग मारून परत रस्त्यावर आणतात.

पाच विधानं आहेत. पहिलं चूक तर आहेच, शिवाय घातक आहे. म्हणून आधी तेच घेतो.

"पूर्ण विमा असतो, काही जात नाही"

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ उघडा. रस्त्यावरच्या वाहनाला निदान थर्ड पार्टी विमा हवाच, असं ते सांगतं. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात राज्य परिवहन उपक्रमांना सरकार आदेश काढून यातून सूट देऊ शकतं. अट अशी की त्या उपक्रमाने त्रयस्थांची देणी भागवायला स्वतःचा निधी उभारून तो कायम राखायचा. आपलं महामंडळ याच वाटेने चालतं. म्हणून महामंडळाच्या मालकीच्या गाडीचा अपघात झाला की अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे तिच्या बाजूने विमा कंपनी उभी नसते, भरपाई महामंडळ स्वतः भरतं.

आणि हा निधी तरी कोणासाठी? जखमींसाठी, मृतांच्या घरच्यांसाठी, ज्याच्या वाहनाचं नुकसान झालं त्याच्यासाठी. जळालेल्या बसची किंमत त्यातून निघत नाही. आपण नव्या कारला स्वतःच्या नुकसानीचाही विमा घेतो, तो कायद्याने कोणालाच सक्तीचा नाही. हजारो गाड्यांचा ताफा असलेल्या संस्थेला तो परवडणाराही नाही. हप्ता दरवर्षी सगळ्या गाड्यांचा भरायचा आणि पूर्ण नष्ट होणार त्यातल्या मोजक्या, हे गणित कोणताही लेखापाल फेटाळेल. तिकिटामागे १ रुपया घेतात तो मग कशाचा, असंही त्या मेसेजखाली कोणीतरी विचारलंय. तो एप्रिल २०१६ पासूनचा अपघात साहाय्यता निधी आहे, प्रवाशांच्या मदतीसाठी. त्यातून गाडी घेत नाहीत.

म्हणजे गाडी गेली की महामंडळाची संपूर्ण गेली. किती रुपयांची गेली? अशोक लेलँडने सप्टेंबर २०२४ मध्ये महामंडळाच्या २,१०४ गाड्यांची ऑर्डर जाहीर केली, रक्कम ९८१.४५ कोटी रुपये. भागाकार करा. एक गाडी साडेसेहेचाळीस लाखांच्या पुढे जाते. शिवाय ती गाडी दिवसाला साधारण ३०० किलोमीटर धावत होती, म्हणजे वर्षाला लाखाच्या आसपास. तेवढ्या फेऱ्या कुठल्या तरी गावांच्या होत्या.

माझा राग याच वाक्यावर आहे. आंदोलन कुठलंही असो, पहिला दगड एसटीवर पडतो. "विमा भरून देतो" हे एकदा डोक्यात बसलं की वीस वर्षांच्या पोराला काडी लावायला हरकत वाटत नाही. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४, कलम ४ प्रमाणे आग लावून नुकसान केल्यास किमान १ वर्ष आणि कमाल १० वर्षं सक्तमजुरी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ही ओळ घातली असती तर निदान कोणाच्या उपयोगाला तरी आली असती.

यातलं अर्धं खरं आहे तेही सांगतो. समोरच्या ट्रकची चूक असेल तर त्या ट्रकच्या विमा कंपनीकडून महामंडळ बसच्या नुकसानीची भरपाई मागू शकतं, पण तो दावा असतो, कोर्टाच्या वेगाने चालतो. आणि भाड्याने घेतलेल्या गाड्या, म्हणजे खासगी मालकीच्या शिवशाही किंवा कंत्राटावरच्या ई-बस, यांची मालकी कंत्राटदाराची. तिथे विमा आणि बदली गाडी ही त्याची जबाबदारी. गावाकडच्या लाल गाडीला यातलं काही लागू नाही.

"आठ दिवसांत नवी गाडी येते"

एसटीची गाडी शोरूममध्ये जाऊन घेत नाहीत. शेकड्यांनी किंवा हजारांनी निविदा निघते, नमुना गाडी तयार होते, ती बसबांधणीच्या मानकात, म्हणजे एआयएस ०५२ मध्ये बसते का ते तपासतात, मग टप्प्याटप्प्याने गाड्या येतात, आरटीओ नोंदणी होते आणि विभागवार वाटप होतं. जळालेल्या एका गाडीसाठी हे चाक कोणी फिरवत नाही. तिची जागा पुढच्या खरेदीत भरते. जुन्याच जातीची गाडी मागून घेऊ, तर तेही नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ या धुराच्या मानकातली सोडून नवी गाडी नोंदवताच येत नाही.

मग गाडी गेल्यावर प्रत्यक्षात काय होतं? घटनेच्या जागी पोलिसांचा पंचनामा, आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी. तोवर गाडी हलवायची नसते. प्रवासी त्याच तिकिटावर मागच्या गाडीत. इकडे आगारात दुसऱ्या दिवसाचं नियत, म्हणजे गाडीला नेमून दिलेलं दिवसभराचं फेऱ्यांचं काम, कोणी मारायचं हा प्रश्न उभा राहतो आणि तो स्पेअर गाडीवर सुटतो.

स्पेअर म्हणजे कोपऱ्यात झाकून ठेवलेली गाडी नव्हे. समजा आगारात ६० गाड्या आणि ५४ नियतं आहेत. उरलेल्या ६ पैकी दोन आरटीओ पासिंगच्या तयारीत, एक डॉकिंगला (ठरावीक मुदतीच्या देखभालीला), एक विभागीय कार्यशाळेत गिअरबॉक्स उतरवलेली, एक पाटा (स्प्रिंग) तुटलेली. हाताशी राहिली एक. सकाळी रस्त्यात ब्रेकडाऊन झालं की तीही गेली. कायमची एक गाडी कमी झाली की ५४ नियतं ५९ गाड्यांवर चालवायची, म्हणजे देखभालीचा दिवस पुढे ढकलायचा, आणि ढकललेल्या देखभालीतून पुढच्या महिन्यात आणखी दोन ब्रेकडाऊन जन्माला येतात. गाडी एक जाते, फेऱ्या मात्र चार-पाच ठिकाणी विस्कटतात, ते यामुळे.

स्पेअरने भागलं नाही की विभाग नियंत्रक दुसऱ्या आगारातून गाडी वळवतात. सांगली विभागात सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव, विटा, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा, पलूस अशी दहा आगारं आहेत. मिरजेची एक गाडी जतला दिली की मिरजेची एक फेरी उघडी पडते, म्हणून बदली देताना कुठली फेरी सोसेल ते बघावं लागतं. आषाढीला पंढरपूरकडे जादा गाड्या गेल्या असतील तर तेवढे दिवस ही वाटही जवळपास बंद.

पूर्वी आणखी एक सोय होती. भंगारात काढायला आलेली गाडी सहा महिने ओढायची. ती आता उरली नाही. जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या अधिसूचनेने राज्य परिवहन उपक्रमांच्याही १५ वर्षं झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद केलं. गाडी चालू असो, इंजिन नवं असो, १५ वर्षं झाली की थांबली.

दरम्यान नष्ट झालेल्या गाडीचं निर्लेखन, म्हणजे तिला हिशेबातून काढून टाकणं, चालू होतं. घसारा वजा जाता किंमत काढायची, वापरता येतील ती युनिटं उतरवायची: डिफरन्शियल, गिअरबॉक्स, मागचे टायर, स्टिअरिंग बॉक्स. ती कार्यशाळेत तपासून, दुरुस्त करून दुसऱ्या गाड्यांना लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची. राहिलेला सांगाडा लिलावात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्री पूल कोसळून जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन गाड्या वाहून गेल्या, तिथे उतरवून घेण्यासारखंही काही राहिलं नाही.

"एमएच २० म्हणजे मराठवाड्याची वापरलेली गाडी"

नाही. एसटीच्या बॉडी वर्षानुवर्षं महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत बांधल्या गेल्या: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथल्या आरटीओत नोंदली. म्हणून दापोडीची एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०. सांगलीच्या स्टँडवर उभं राहून मोजा, एमएच १० ची लाल गाडी शोधावी लागेल. गाडीचं वय नंबरातल्या जिल्ह्यावरून कळत नाही, आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेवरून कळतं.

"बुडालेली गाडी धुऊन, रंगवून चालवतात"

बुडालेल्या गाड्या परत रस्त्यावर येतात हे खरं. याव्यातही. साडेसेहेचाळीस लाखांची गाडी ओली झाली म्हणून फेकून द्यायची नसते. खोटं आहे ते "धुऊन, रंगवून".

पाणी कुठवर चढलं यावर सगळं ठरतं. चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे जमिनीपासून साधारण अर्धा मीटर आलं असेल तर हब उघडून जुनं ग्रीस काढायचं, बेअरिंग धुऊन तपासायचं, ऑइल सील बदलायचे, ड्रम आणि लायनर साफ करायचे. डिफरन्शियलचं ऑइल सोडून बघायचं. ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं, मग भरून, थोडं चालवून, पुन्हा सोडून भरायचं. फ्लोअरपर्यंत आलं तर यात गिअरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटऱ्या आणि ब्रेकच्या हवेच्या टाक्या आल्या. व्हॉल्व्हमध्ये गाळ बसला की ब्रेक धरतो पण सुटत नाही, किंवा उशिरा धरतो, आणि हे आगाराच्या आवारात कळत नाही, घाटात कळतं.

डॅशबोर्ड बुडाला तर मामला वेगळा. बीएस ६ गाडीत इंजिनाचा ईसीयू (संगणक), सेन्सर आणि युरियाची यंत्रणा आहे. वायरिंग वरून कोरडं दिसतं, पण कनेक्टरच्या आत तांब्यावर हिरवट थर चढत राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी शॉर्ट होतं. पुरातून वाचलेली गाडी आगीत जाते ती अशी. म्हणून अख्खा हार्नेस, म्हणजे वायरिंगची जुडी, बदलायचा, नुसते फ्यूज बदलून भागत नाही. फ्लोअरचा प्लायवूड फुगलेला असतो, सीटच्या फोममध्ये चिखल, ते सगळं नवं.

आणि इंजिन. हे टेम्पो, ट्रॅक्टर असणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारून बघायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी ऑइल-फिल्टर बदलून चालू झाली असती तिचं इंजिन एका किल्लीत जातं. आधी बॅटरीची केबल काढा. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. इंजेक्टर काढून फ्लायव्हील बारने हाताने फिरवा, पाणी उडून बाहेर येईल. संपचं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीचं, ऑइल सोडा, खाली बसलेलं पाणी आधी निघतं. नवं ऑइल, नवे फिल्टर, पंधरा मिनिटं आयडलवर, पुन्हा ऑइल सोडा. डिझेल टाकीही रिकामी करून धुवा.

अर्थात सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे गाडी आधी हलवणं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोयनेचा विसर्ग आणि पुलाची पातळी बघत राहिलं तर गाड्या मिरजेच्या बाजूला काढायला तास मिळतात, फक्त ते ४० फुटांना वापरायचे असतात, ४५ ला नव्हे.

"नवी गाडी शहराला, जुनी गावाला"

इथे मला मान्य करावं लागतं. नव्या गाड्या आधी लांब पल्ल्याला लागतात, कारण तिथे आरक्षण आहे आणि रोजचं रोख उत्पन्न आहे. गाडी कमी पडली की पहिली कुऱ्हाड गावाच्या फेरीवर पडते. सकाळच्या कॉलेजच्या गाडीत निम्म्याहून जास्त पासवाले. पासात विद्यार्थ्याला एक तृतीयांश भाडं, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. सवलतीचे पैसे सरकारकडून येतात, पण त्या दिवशी वाहकाच्या पेटीत दिसत नाहीत, आणि फेरी तोट्याची ठरते. हे चूक आहे आणि यावर भांडलंच पाहिजे.

भांडायचं तर विम्याचं बोलू नका, आगार व्यवस्थापक पाच मिनिटांत तुम्हाला परत पाठवतील. लेखी अर्ज द्या, एक प्रत विभाग नियंत्रकांना. त्यात फेरीची वेळ आणि मार्ग, कोणत्या तारखांना रद्द झाली त्या तारखा, आणि प्रत्येक थांब्यावर किती पासधारक आहेत तो आकडा. मागणी नेमकी करा: नवी गाडी नको, दुपारची त्याच मार्गावरची रिकामी जाणारी फेरी बंद करून तीच गाडी सकाळी द्या, किंवा शेजारच्या गावापर्यंत येणारी गाडी सहा किलोमीटर पुढे वाढवा. या दोन्ही गोष्टी आगाराच्या हातात आहेत. भाचीला हेच कळवलंय. चार थांब्यांचे आकडे तिने काढले, एक राहिलाय.