मॅडम म्हणतात, आपण अगदी बरोबर आहात

शनिवारच्या पालकसभेत एका मोबाइलने मला हरवलं, आणि तेही अधूनमधून माझीच बाजू घेऊन.

भांडण दोन मार्कांचं. आठवीच्या चाचणीत मी विचारलं होतं, किंमत काढा: −3² + 10. उत्तर 1. वर्ग आधी, वजा नंतर; वजाचाही वर्ग हवा असेल तर तीनला वजासकट कंसात बसवावं लागतं. एका चिरंजीवांनी 19 लिहिलं, मी भोपळा दिला. सभेला त्याचे वडील आले नाहीत, काका आले. पतसंस्थेत असतात, त्यामुळे आकडे आपल्याच घरचे असा त्यांचा समज.

"सर, रागावू नका," म्हणत काकांनी फोन टेबलावर ठेवला. रागावू नका म्हणणारा माणूस तयारी करून आलेला असतो. फोनमध्ये एआय होतं. त्याला बाईचा आवाज होता आणि काका त्याला मॅडम म्हणत होते.

"मॅडम, वजा तीनचा वर्ग किती?"

"वजा तीनचा वर्ग नऊ."

काकांनी माझ्याकडे न बघता मागच्या रांगेकडे बघितलं. तोंडी विचारलं तर हे उत्तर चूकही नाही, कारण बोलताना कंस ऐकू येत नाही. मी तेच सांगितलं. "मग तुम्हीच विचारा," काका म्हणाले. मी अख्खं पद टाइप केलं.

"आपण अगदी बरोबर आहात! उत्तर 1. गैरसमजाबद्दल क्षमस्व."

मी छाती फुगवेपर्यंत काकांनी फोन ओढला. "मॅडम, पण आमच्या पोराचं 19 बरोबरच ना?"

"आपण अगदी बरोबर आहात! काही पद्धतींनुसार 19 हेही योग्य मानता येईल. विद्यार्थ्याचं कौतुक करायला हवं!"

"कौतुक," काकांनी तेवढाच शब्द मला परत ऐकवला.

रांगेतल्या एक आजी पुढे सरकल्या. "बाई भली दिसते. आमचा नातू विज्ञानात नापास झालाय, त्याचंही विचारा की."

मग काकांनी हुकमी पान काढलं: एक्सेल. त्यात =-3^2 लिहिलं. आलं 9! खरंच येतं, घरी करून बघा. एक्सेल वजाचं चिन्ह आधी धरतं आणि वर्ग मागाहून करतं. मी माझ्या फोनवर जिओजेब्रा हे गणिताचं ॲप उघडलं, तिथे −9. "तुमचं ॲप कुठलं?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, ऑस्ट्रियाचं. "आमच्या ऑफिसात चालत नाही ते," काका म्हणाले, आणि विषय मिटला.

जिओजेब्राशी माझं सूत जमतं. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने 2001 मध्ये ते सुरू केलं. त्रिकोणाचं टोक बोटाने ओढा, कोन बदलत राहतात, बेरीज 180 वरून हलत नाही. हेच फळ्यावर दाखवताना माझा तास संपायचा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडशीही वैर नाही, नेट असेल त्या दिवशी. पण ही मॅडम! लोकांना आवडलेल्या उत्तरांना शाबासकी देत देत तिला घडवलंय, त्यामुळे ती खूश करायला शिकली. राजकारणात हा गुण धावेल. आमच्या विषयात समोरच्याचा चेहरा बघून उत्तर बदलत नाही, म्हणून तर निम्मा गाव गणितावर खार खाऊन असतो.

देवळालीचे कापरेकर मास्तर आठवा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करत राहा. फार तर सात पायऱ्यांत 6174 येतंच. हे त्यांनी 1949 मध्ये शोधलं, हाताने वजाबाक्या करून. अनेक विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं. 6174 जागचं हललं नाही. परवा वर्गात हेच करायला दिलं, तर एकाने मॅडमकडून करून आणलं. तिसरीपासून सगळ्या वजाबाक्या साफ चुकलेल्या, तरी शेवटी 6174! शेवट आधीच ठाऊक, मधलं बेतलेलं. पूर्वी पोरं पुस्तकामागची उत्तरं बघून असंच करायची, पण निदान तोंड लपवायची.

सभेत मुख्याध्यापक आले. "द्या हो एक मार्क, पायऱ्यांचा."

"सर, पायरी एकच आहे आणि तीच चुकलीय."

"मग अर्धा द्या."

अर्धा दिला. सोमवारी तरीही लेखी तक्रार आली. "मूल्यमापनातील असंवेदनशीलता", "नवतंत्रज्ञानाशी जुळवून घेण्याची नितांत निकड", असलं मराठी आमच्या पतसंस्थेत कुणी बोलत नाही. खाली काकांची सही, आणि सहीच्याही खाली एक ओळ: "हवं असल्यास मी हे पत्र अधिक कडक भाषेत लिहून देऊ शकते."

मुख्याध्यापकांनी चष्मा सावरून ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "बघा, अजून कडक लिहिणार आहेत म्हणे. देऊन टाका उरलेला दीड."