जुने ते सगळेच कालबाह्य नव्हे

जुन्या वस्तूला, प्रथेला किंवा बोलीला सरसकट ‘कालबाह्य’ म्हणण्याची जी सवय आपल्याकडे बोकाळली आहे, तिचा मला आता मनापासून संताप येतो. काल आणि बाह्य या दोन शब्दांतच अर्थ स्पष्ट आहे: जे आजच्या काळाच्या बाहेर पडले, ज्याचा उपयोग उरला नाही, ते कालबाह्य. तार कालबाह्य झाली, कारण २०१३ साली ती सेवाच बंद पडली. औषधाची मुदत संपली तर त्यासाठी ‘मुदतबाह्य’ हा नेमका शब्द आहे. पण परवा धुळ्यातल्या एका लग्नात, ज्या खापरावर बायका तासाभरापूर्वी पुरणाचे मांडे भाजत होत्या, त्याच खापराला एका शिकल्यासवरल्या पाहुण्यांनी कालबाह्य ठरवले, आणि माझा घास तोंडातच राहिला. पांझरा नदीवरची फड सिंचन पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याची रीत, शतकांची आहे. तिला जुनी म्हणा, पुरातन म्हणा, पण कालबाह्य म्हणू नका. सर्वांत जास्त खुपते ते अहिराणीबद्दल ऐकताना. जी घरात, बाजारात, शेताच्या बांधावर रोज बोलली जाते, जिच्यात आमची भांडणे होतात आणि लेकरे निजवली जातात, ती बोली काळाच्या बाहेर पडली असे कोणत्या तोंडाने म्हणता?