‘सेल मारा, गाडी सुकेल’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. ‘पावसाळ्यात गॅरेजवाल्यांचे खिसे भरू नका’ असा त्याचा मथळा असून खाली ‘तीस वर्षांच्या अनुभवी मेकॅनिकचा सल्ला’ म्हणून सहा सूचना दिलेल्या असतात. पुरात बुडालेल्या गाडीला पाणी ओसरताच सेल मारावा, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने आतले पाणी सुकते. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडावी, म्हणजे पेट्रोल वाचते. टायरमधील हवा पाच पॉइंट कमी ठेवावी, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड वाढते. गाडीच्या पोटाला काळे ऑइल मारून घ्यावे, म्हणजे गंज चढत नाही. थंड हवेत कुलंटची गरज नसल्याने रेडिएटरमध्ये साधे पाणी चालते. आणि काचेवर तंबाखू चोळावी, म्हणजे पाणी ठरत नाही.

हा मेकॅनिक काल्पनिक असेल असे मला वाटत नाही. उलट तो खरा असावा आणि त्याची तीस वर्षेही खरी असावीत. अडचण एवढीच आहे की त्याचा सल्ला ज्या गाड्यांवर घडला त्या गाड्या आता रस्त्यावर फारशा उरलेल्या नाहीत.

पहिली सूचना सर्वांत घातक असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. फियाट, ॲम्बेसेडर किंवा कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळण्याच्या जुन्या यंत्रणेची, मारुती ८०० पाण्यातून जाताना बंद पडत असे, ती बहुतेक वेळा स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेल्यामुळे. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली, वायरी झटकल्या आणि सेल मारला की गाडी चालू होई, आणि दहा मिनिटांत इंजिनाच्या उष्णतेने उरलेली ओलही जाई. ती ओल विजेच्या वाटेतली होती, सिलिंडरमधली नव्हती. पुराच्या पाण्यात तासन् तास उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पाणी एअर फिल्टरच्या वाटेने थेट सिलिंडरपर्यंत पोहोचलेले असू शकते.

याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. १२०० सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे आत घेतलेली हवा किती पट दाबली जाते ते, दहास एक धरले, तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ३३ सीसी जागा उरते. म्हणजे टपरीवरचा चहाचा छोटा ग्लास अर्धा भरेल, एवढीच. १५०० सीसीच्या चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनात हे प्रमाण सोळास एक धरल्यास ती जागा २५ सीसी भरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि त्या क्षणी दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाटही नसते. नशीब बरे असेल तर स्टार्टर नुसताच अडतो आणि गाडी वाचते. पण बाकीच्या सिलिंडरांतील इंधनाने पेट घेतला, तर त्यांच्या जोराने वर ढकलला गेलेला पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याखालचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतील आमच्या एका परिचितांनी नेमके हेच केले. गाडी चालू झाली, एवढेच नव्हे तर दोन आठवडे चाललीही, आणि मग ठक्‌ठक् असा आवाज येऊ लागला. इंजिन उद्यमनगरात उघडले तेव्हा मी तिथे होतो. हातात घेतल्यावर चारही रॉड सारखेच वाटत होते. कारागिराने काही न बोलता पिस्टन पिनच्या छिद्रांतून एक सरळ दांडा घालून ते टांगले, तेव्हा तिघांची खालची कड एका रेषेत आली आणि एकाची सुमारे अर्धा मिलिमीटर वर राहिली. ‘सेल मारला होता का?’ एवढेच त्याने विचारले.

म्हणून पाणी ओसरल्यावर किल्लीला हात लावू नये. इग्निशन नुसते ऑनही करू नये, कारण ओल्या कनेक्टरांतून वीज वाहिली की इंजिनाचा कंट्रोल युनिट निकामी होऊ शकतो. बॅटरीची मायनस वायर काढावी आणि ऑइलची पट्टी ओढून पाहावी. पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला दूध घातलेल्या चहाचा रंग आला असला, तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे हे नक्की. एअर फिल्टरचा डबा उघडून आतला कागद ओला आहे का, हे कोणालाही पाहता येते. पुढचे काम मेकॅनिकचेच आहे: पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग किंवा डिझेल गाडीचे ग्लो प्लग काढून इंजिन फिरवायचे, म्हणजे दाब तयार न होता पाणी छिद्रांतून बाहेर फेकले जाते, आणि मग इंजिन ऑइल, गिअर ऑइल व ब्रेक ऑइल बदलायचे. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ नये, ती सपाट गाडीवर चढवून न्यावी. विजेवरच्या गाडीच्या बाबतीत तर नारिंगी रंगाच्या केबलींना स्वतः हात लावण्याचा विचारही करू नये.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ते विम्याचे कलम इथेच आड येते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर धरलेला असतो. मात्र बुडालेली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन मोडले, तर ते पुराचे नव्हे, नंतरच्या कृतीचे नुकसान ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. इंजिनासाठीचे वेगळे जोडसंरक्षण घेतले असले, तरी त्याच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या. दारावर उमटलेली पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू नये. खरे तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांतील लोकांनी गाड्या उंचावर नेऊन लावाव्यात; ४३ फुटांची धोका पातळी ओलांडेपर्यंत वाट पाहिली, तर गाडी बाहेर काढायला रस्ताच उरत नाही, हे २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आपण पाहिले आहे.

न्यूट्रलच्या सूचनेतही असेच जुने सत्य अडकलेले आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये असतानाही पेट्रोल ओढले जाई, त्यामुळे न्यूट्रलवर थोडीफार बचत होत असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचे फेरे बरेच कमी होईपर्यंत इंजेक्टर इंधन पूर्ण बंद करतात, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रलवर टाकले की तेच इंजिन आयडलिंगसाठी इंधन मागू लागते. म्हणजे करूळ घाट किंवा आंबा घाट न्यूट्रलवर उतरणारा माणूस इंधन वाचवत नसून जाळत असतो, आणि शिवाय गाडीचा सगळा भार ब्रेकवर टाकत असतो. सततच्या दाबाने पॅड तापले की पकड सुटते. त्यातच जुन्या ब्रेक ऑइलने ओल शोषलेली असेल, तर ते उकळून पेडल थेट खाली जाते. ‘बंदच करून उतरतो’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्या माहितीसाठी: इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमधली, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली, हवेची ओढ दोन-तीन दाबांत संपते आणि नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते.

टायरची हवा कमी केल्याने शेतरस्त्याच्या चिखलात, जिथे चाक रुतते, तिथे फायदा होतो हे मान्य आहे. पुणे–बेंगळुरू महामार्गावर साचलेल्या पाण्यात त्याच्या उलट घडते. अमेरिकेतील नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून असे सूत्र निघाले, की टायर ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३३ पॉइंटला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि २८ पॉइंटला सुमारे ८८. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, कारण खाचांची खोली आणि टायरचा आकार यांनी फरक पडतो; पण दिशा हीच राहते. दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर दिला आहे तेवढाच ठेवावा. खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. टायर त्यांच्या बरोबरीला आला असेल, तर कोणत्याही दाबाने तो पावसात धरणार नाही.

काळ्या ऑइलची फवारणी लोखंडी चासीच्या जीपला शोभत होती. आजच्या गाडीच्या पोटाखाली सस्पेन्शनची रबरी बुशे आणि बूट असतात, ती त्या ऑइलाने फुगतात व चिरतात. आणि फवारा ब्रेकच्या डिस्कवर उडाला, तर पहिल्याच सिग्नलला त्याची किंमत कळते. कुलंटविषयी एवढेच सांगतो की त्याचे अर्धे काम गंज रोखण्याचे आहे, आणि ॲल्युमिनियमच्या हेडला उन्हाळा-पावसाळा कळत नाही. बोअरच्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो.

राहिली तंबाखू. निपाणी जवळच असल्यामुळे की काय, आपल्याकडे हा उपाय मीही ट्रकचालकांना करताना पाहिला आहे आणि एकदा फोंडा घाटात वायपर बंद पडल्यावर स्वतःही केला आहे. थेंब काही वेळ गोळा न होता काचेवर पसरून वाहतात आणि समोरचे दिसते, हे खरे आहे. तेवढी सूचना मी मागे घ्यायला लावणार नाही; फक्त तंबाखू चोळण्याआधी वायपरचे रबर बोटाने दाबून पाहावे. ते कडक झाले असेल, तर नवी जोडी बसवायला पाच मिनिटे पुरतात.