बागेतला गुरखा आणि किचनरमधली कबर

आमच्या रत्नागिरीकडच्या नातेवाइकांच्या गटावर सध्या एकच वाद चालू आहे. आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या आणि होड्यांवर खलाशी म्हणून जाणाऱ्या नेपाळी माणसांची नोंद ठेवावी, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. पण जे दहा-बारा हंगाम बायकामुलांसह इथेच काढून बसले, ज्यांची मुले मराठी शाळेत जातात, त्यांना गावचे मानायचे का, यावर घराघरांत दोन तट आहेत. परवा काकांनी एका राखणदाराची बाजू घेतली ती अशी : त्याचा सख्खा भाऊ आपल्या सैन्यात गोरखा पलटणीत आहे, आणखी कसला पुरावा हवा? त्यावर सगळे गप्प झाले. मला मात्र तो मुद्दा पटला नाही, आणि त्याचे कारण मी राहतो त्या गावात आहे.

कॅनडातील किचनर शहराच्या माउंट होप दफनभूमीत बक्कम सिंग या शीख सैनिकाची कबर आहे. पंजाबात 1893 साली जन्मलेला हा मुलगा 1907 मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, ब्रिटिश कोलंबियात उतरला. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्या वर्षी मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असा नियम आला आणि तसे थेट जहाज मिळणे जवळजवळ अशक्य होते. लहानपणीच लग्न झालेली त्याची बायको पंजाबातच राहिली. पुढे ऑन्टारियो प्रांतात शेतमजुरी करत असताना, हिंदी प्रवाशांना घेऊन आलेले कोमागाटा मारू जहाज व्हॅंकुव्हरहून परत पाठवले गेल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, 1915 च्या वसंतात, पहिले महायुद्ध चालू असताना, तो कॅनडाच्या फौजेत भरती झाला. 20 व्या पायदळ बटालियनमधून लढताना 1916 च्या उन्हाळ्यात तो बेल्जियमच्या फ्लॅंडर्स भागात दोनदा जखमी झाला, पुढे क्षयाने खंगला आणि 27 ऑगस्ट 1919 रोजी इथेच वारला. त्याचे पदक नव्वदेक वर्षांनी लंडनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले, तेव्हा कुठे त्याची कबर लोकांना माहीत झाली. हिंदी लोकांना मताधिकार परत मिळाला तो 1947 साली.

आता दर नोव्हेंबरात तिथे मानवंदना होते, मीही जातो. पण अलीकडे भारतीय विद्यार्थ्यांविषयी इथे कुरबुर वाढल्यापासून आमची मंडळी बक्कम सिंगचे नाव दाखल्यासारखे पुढे करू लागली आहेत. लष्करी सेवेचे मोल मला कमी करायचे नाही. 1916 मध्येच मराठा पलटणींतली शेतकऱ्यांची मुले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुटच्या वेढ्यात उपाशी राहून शरण गेली होती, आणि साताऱ्याकडच्या कित्येक गावांत महायुद्धाला गेलेल्यांचे आकडे कोरलेल्या पाट्या आजही भिंतीत आहेत. प्रश्न एवढाच आहे की बक्कम सिंगने बंदूक घेतली नसती, तर शेतात राबलेल्या त्याच्या वर्षांची किंमत शून्य झाली असती काय? ज्या ऑन्टारियोत तो मजूर होता, तिथे 1966 पासून एका हंगामी योजनेखाली जमैकाचे, पुढे मेक्सिकोचेही मजूर येतात, जास्तीत जास्त आठ महिने राबतात आणि परत पाठवले जातात. त्यांच्यातले काही जण वर्षानुवर्षे त्याच मालकाकडे येतात. त्यांच्यासाठी कुणी मानवंदना मागत नाही, आणि (हे कबूल करायला हवे) त्यांनी तोडलेली स्ट्रॉबेरी घेताना मलाही ते आठवत नाहीत.

गणवेश हा पुरावा म्हणून मागितला की तो अंगावर न चढवलेला प्रत्येक जण आपोआप संशयित ठरतो, आणि काकांच्या चांगुलपणाच्या युक्तिवादात नेमकी हीच मेख आहे. मी त्यांना एवढेच लिहिले की आमच्या खालच्या बागेत नऊ वर्षे राखण करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा कुणीही पलटणीत नाही, त्याचे काय करायचे. उत्तर अजून आलेले नाही. मोहोरावर फवारणीचे दिवस आहेत, आणि पंप बहुधा त्याच्याच पाठीवर असेल.